वहीत माझं नाव कंसात

अंबड तालुका, जि. जालना
ऑक्टोबर २०२५, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. ‘मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागायची ती, आता तू घेतोस असं ऐकलं, तर लिहून पाठव, इथल्या मंडळीत वाचू,’ असं तू लिहिलं होतंस. मी त्याच रात्री वही उघडली. दोन पानं लिहिलीही. ती तुला पाठवली नाहीत हे बरं झालं. का ते सांगतो, म्हणजे उशिराबद्दल रागावणार नाहीस.

आधी घरचं. सप्टेंबरच्या पावसाने आमच्याकडे काय केलं ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. ओढ्याकाठचं अर्धा एकर सोयाबीन मातीसकट गेलं. वरचं तीन एकर उभं राहिलं, पण शेंगा काळ्या पडल्या. ऑक्टोबरात उघडीप मिळाली तशी घाईने काढणी केली. आपल्या मंडळीतल्या नऊ बायांनी काढणीचं गुत्तं, म्हणजे ठरल्या रकमेत सगळं काम, घेतलं होतं. त्यांच्यात मावशी होत्या. त्याच, ज्यांनी आपल्याला शब्बाथ शाळेत गीतं शिकवली, आणि तू शब्द चुकलास की तुझा कान धरायच्या. साठी उलटून गेली, तरी पात त्याच धरतात.

चार दिवसांत गंजी लागली. मजुरीचे १२ हजार ठरले होते. मी म्हणालो, माल विकला की देतो. कोणी काही बोललं नाही. इथे असंच चालतं, तुला माहीत आहे. यंदाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, पण तो चांगल्या मालाला. डागी सोयाबीनला मोंढ्यात आडत्या म्हणेल तो भाव. म्हणून मी थांबलो. जरा वाळू दे, भाव सुधारू दे, असं म्हणत सतरा दिवस गेले.

त्यातल्या एका रविवारी प्रार्थना माझ्याकडे होती. पाळकसाहेबांकडे पाच गावं आहेत, ते महिन्यातून एकदाच येतात. मी चांगली मोठी प्रार्थना केली. जगातल्या सर्व दुःखितांसाठी, युद्धाने होरपळलेल्या देशांसाठी, राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून, आणि शेवटी ‘सर्व कष्टकऱ्यांच्या घामाला न्याय मिळो’ म्हणून. मावशी सतरंजीवर पुढेच बसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने आमेन त्या म्हणाल्या.

सोमवारी दुकानात साखर आणायला गेलो. दुकानदार उधारीची वही चाळत होता. उलटी बाजू माझ्याकडे होती, तरी मावशींचं नाव दिसलं. तेल, तूरडाळ, साबण, परत तेल. आणि नावापुढे कंसात माझं नाव. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘त्या म्हणाल्या तुमच्याकडून यायचेत, म्हणून लिहून ठेवलंय. तुमचं नाव आहे म्हणजे पैसे बुडत नाहीत.’ त्याने हे माझ्या कौतुकाने सांगितलं, मित्रा. मी साखर न घेताच घरी आलो.

त्या रात्री झोप आली नाही. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा २४वा अध्याय काढला. मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्याआधी त्याच दिवशी ती दे, असं तिथे लिहिलं आहे. मग याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच तिथे ओरडते. मजूर गप्प असले तरी मजुरी ओरडते, आणि ते ओरडणं थेट देवाच्या कानी जातं. हे वचन मी किती वेळा वाचलं असेल! दरवेळी मला वाटायचं, हे मोठ्या बागायतदारांना लिहिलंय. तीन एकरवाल्या माणसाला ते लागू होतं हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

मंगळवारी सहा क्विंटल मोंढ्यावर नेलं. आडत्याने डाग दाखवले, ओल दाखवली, भाव पाडला. मी घासाघीस केली नाही. संध्याकाळी नऊही घरी जाऊन पैसे दिले आणि उशीर झाला, चुकलं, असं म्हणालो. मावशींनी नोटा कपाळाला लावल्या आणि चहा टाकला. चहा पितानाच कळलं की त्यांचा मुलगा आणि सून या वर्षी पहिल्यांदा ऊसतोडीला चालले आहेत. मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल आगाऊ घेऊन झाली होती. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. मावशी म्हणाल्या, ‘रविवारी तिच्यासाठी प्रार्थना कर. पण तिचं नाव घेऊन कर बाबा. सगळ्या कष्टकऱ्यांत ती देवाला कुठे सापडेल?’

देवाला सापडेल, हे मावशींनाही ठाऊक आहे. आपल्याला सापडत नाही, एवढंच त्यांना सांगायचं असणार.

तेव्हापासून मी प्रभूची प्रार्थना नव्याने म्हणतोय. आपण ती पाळण्यात असल्यापासून म्हणतो, म्हणून तिचे शब्द कानावरून घसरून जातात. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ आपल्या मराठीत भाकर आहे, आणि इथे भाकर म्हणजे ज्वारी, म्हणजे कोणीतरी काढलेली, कोणीतरी थापलेली. त्यात ‘आज’ आहे. माल विकल्यावर असं नाही. आणि पुढे ऋण. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर फिरते, खाडा पडला तर पैसे कापले जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजले जातात, अशा माणसांच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा त्याला वेगळंच वजन येतं. ते तो शब्द जपून, हळू म्हणतात. मी इतकी वर्षं भरभर म्हणत आलो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी आठवते ना तुला? २०१९ साली सरकारी समितीने केलेली. गर्भाशय काढून टाकलेल्या बाया १३ हजारांहून जास्त निघाल्या होत्या. पाळी आली तर खाडा, दुखलं तर खाडा, फडात ना संडास ना पाणी, आणि दवाखान्यात कोणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाका. तिशी-पस्तिशीतल्या बाया. आपल्या मंडळीतल्या दोघी त्या वाटेने गेल्यात, हे मला आत्ता, भगिनी मंडळाच्या बाईंनी सांगितल्यावर कळलं. बाई म्हणाल्या, आम्ही आपापसांत प्रार्थना करतो, पुरुषांसमोर कशी सांगणार? इतकी वर्षं त्या प्रार्थना वेगळ्या खोलीत चालू होत्या आणि मी पुढे उभा राहून युद्धाने होरपळलेल्या देशांची नावं घेत होतो. त्या देशांसाठीही प्रार्थना व्हावीच. पण ही खोली पलीकडेच होती.

शुभवर्तमानात येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असं पुन्हा पुन्हा येतं. कुष्ठरोग्याला पाहून, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे समुदाय पाहून. येशूच्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवर जखमी परक्याला उचलणाऱ्या शोमरोन्यालाही तेच झालं. पाळकसाहेब एकदा सांगत होते की त्या ग्रीक शब्दाचं मूळ आतड्यांशी आहे. आपल्याकडे आतडं तुटतं म्हणतात, ते हेच. आणि आपल्याकडच्या माणसाला हे नवीन नाही. पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू एकनाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट मी आजीकडून ऐकली होती, शोमरोन्याची ऐकण्याआधी. म्हणूनच शोमरोन्याचा दाखला वाचला तेव्हा तो मला परका वाटला नाही. दोन्ही गोष्टींत माणूस वाट सोडून खाली वाकतो.

मी वहीतली जुनी दोन पानं फाडली. त्यांत ‘करुणासागरा’, ‘न्यायनिष्ठा’ असे शब्द होते. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, तेही अगदी मरणाच्या दारापर्यंत. त्यांच्या मराठीची आठवण ठेवून मी पुन्हा लिहायला बसलो. आज सकाळी जे म्हटलं ते हे:

‘हे आमच्या बापा, बुधवारी आमच्यातली पाच घरं फडावर निघतील. त्यांच्या ट्रॅक्टरच्या पुढे तू चाल. पोटुशी आहे तिला सांभाळ. तिच्या पोटातल्या बाळाला सांभाळ. पाचटावर निजणाऱ्या लेकरांना साप-विंचवापासून राख.

प्रभू, आमची विनवणी ऐक.

ज्या बायांनी आपलं दुखणं आमच्यापासून लपवलं, कारण आम्ही विचारलं नाही, त्यांच्याजवळ तू बस. आणि आम्हाला विचारायला शिकव.

प्रभू, आमची विनवणी ऐक.

काटा मारणाऱ्याचा, हिशेब लपवणाऱ्याचा आणि मजुरी अडकवणाऱ्याचा हात धर. त्यांतला एक मी आहे, मला क्षमा कर. आमच्या गावात न्याय पाण्यासारखा वाहू दे, आमोस संदेष्ट्याने सांगितला तसा. शेतं वाहून नेणारं पाणी आम्ही पाहिलंय, आता ते पाणी आम्हाला दाखव.

प्रभू, आमची विनवणी ऐक.

येशू ज्या वाटेने गेला त्या वाटेने आम्हाला ने. आमचा वधस्तंभ दुसऱ्याच्या खांद्यावर देऊ देऊ नकोस.’

नावंही घेतली, पण पत्रात ती लिहीत नाही. लोक ‘आमची विनवणी ऐक’ म्हणताना आधी दबकत होते, तिसऱ्या वेळी छपराला आवाज लागला. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना मात्र आवडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, देवाच्या घरात राजकारण आणि घरच्या गोष्टी नकोत. मी त्यांचा मान ठेवतो, माझ्या वडिलांच्या जागी आहेत ते. पण मी म्हणालो, काका, संदेष्ट्यांनी काटे-वजनांच्याच गोष्टी केल्या देवाच्या घरात. ते काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी पाच घरांसाठी एक पोतं ज्वारी देतो म्हणून सांगितलं. पूर्ण पटलं असं मी म्हणत नाही. ज्वारी मात्र पोचली.

कमिटीत आणखी एक ठरलं आहे. मंडळीत जो कोणी शेत लावतो त्याने गुत्त्याचे पैसे काढणी उरकेल त्या संध्याकाळी द्यायचे. कोणाकडे तेव्हा नसतील तर दानपेटीतून उसने घ्यायचे, बिनव्याजी. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालकाने संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगितलं, त्यावरून ही कल्पना मावशींनीच काढली. पेटीत आत्ता ४३०० आहेत. रब्बीच्या काढणीपर्यंत बघू.

आता तुझं काम. ही पाच घरं तुझ्याच तालुक्यातल्या कारखान्याला येताहेत. टोळी कुठल्या फडावर उतरली ते मी फोनवर कळवीन. तुझी मंडळी प्रार्थना मागते आहे ना, तर आधी तिथे जा. रविवारी जाऊन उपयोग नाही, तेव्हाही तोड चालू असते. रात्री आठनंतर कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर, जा, बायकोला बरोबर ने, म्हणजे सून मोकळेपणी बोलेल. जवळच्या सरकारी दवाखान्यात तिचं नाव नोंदवायचं आहे, तिचं कार्ड मी मावशींकडून घेऊन तिच्या पिशवीत ठेवायला सांगितलंय. फेब्रुवारीत बाळंतपण आहे. ख्रिस्तजन्माच्या रात्री ते गावात नसतील, तर तुम्ही दहा-बारा जण पेटी-ढोलकी घेऊन त्यांच्याकडे जा आणि मावशींनी शिकवलेलं गीत म्हणा. या वेळी शब्द चुकवू नकोस, मावशी मुलाला फोनवर विचारणार आहेत.

बुधवारी पहाटे चार वाजता ट्रॅक्टर निघेल. मी चौकात जाणार आहे. भाकरी बांधून द्यायच्या आहेत, म्हणून घरात आत्ता ज्वारी निवडणं चाललंय आणि मला हाक आली आहे.

वहिनींना आणि लेकरांना सलाम.

तुझाच,
बालमित्र