तुरीच्या पिशवीवर मर चाचणीचा निकाल छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तूर फुलोऱ्यातून शेंगांवर येऊ लागली की मराठवाड्यातील अनेक शिवारांत मर रोगाची ठिगळे दिसू लागतात. जमिनीत ओल असतानाही झाड माना टाकते, बुडापासून वर खोडावर जांभळट पट्टा चढतो आणि तेच खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळ्या रेषा आढळतात. फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि धसकटांवर पुढील दोन-तीन वर्षे जमिनीत तग धरते. झाड वाळू लागल्यावर बुंध्याशी बुरशीनाशकाची आळवणी केली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही; ज्वारीबरोबरची फेरपालट आणि मुळातच तग धरणारा वाण, हेच काय ते हाती राहते.

असे वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राने आपल्याला दिले आहेत. बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११, बीडीएन ७१६ आणि अलीकडचा गोदावरी ही नावे आज गावोगाव तोंडी आहेत आणि त्याबद्दल मराठवाडा त्या शास्त्रज्ञांचा ऋणी आहे. तक्रार आहे ती बियाण्याच्या पिशवीबद्दल. उगवणशक्ती आणि शुद्धता तिच्यावर टक्क्यांत छापलेली असते, पण मर रोगाचा विषय मात्र ‘प्रतिकारक’ एवढ्या मोघम शब्दावर उरकला जातो.

वास्तविक ही प्रतिकारक्षमताही मोजूनच ठरते. रोगट झाडांचे तुकडे मिसळून मुद्दाम मरग्रस्त केलेल्या प्लॉटमध्ये नवे वाण पेरतात आणि दर काही ओळींनंतर हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ ठेवतात. ही ओळ जवळजवळ संपूर्ण वाळली, तरच शेजारी हिरव्या राहिलेल्या वाणाच्या टिकण्याला अर्थ असतो, कारण ती ओळसुद्धा तगली तर तेथे पुरेशी बुरशीच नव्हती असे समजावे लागते. साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत झाडे मेली तरी वाण प्रतिकारक गणला जातो. हे माहीत नसल्यामुळे चार झाडे वाळताच आम्ही बियाणे बोगस ठरवतो आणि निम्मे शेत गेले तरी विक्रेता जमिनीकडे बोट दाखवतो.

शिवाय एका रोगाला दाद न देणारा वाण दुसऱ्या रोगापुढे टिकेलच असे नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतून आलेला आयसीपी ८८६३, म्हणजेच ‘मारुती’, मर रोगाला चांगला प्रतिकारक आहे. परंतु झाडाला फुले-शेंगाच धरू न देणाऱ्या वांझ रोगाच्या चाचण्यांत तोच वाण हमखास बळी पडणारा म्हणून वापरतात. बुरशीचे प्रकारही प्रदेशागणिक बदलतात, त्यामुळे एका ठिकाणचा निकाल लातूर किंवा हिंगोलीच्या जमिनीत जसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून कृषी विभागाला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला विनंती आहे की, कोणता रोग, चाचणीचे ठिकाण व वर्ष, त्या वाणाची मेलेली झाडे आणि बळी पडणाऱ्या वाणाची मेलेली झाडे, ही माहिती पिशवीवर छापणे बंधनकारक करावे. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एक मरग्रस्त प्लॉट राखून प्रचलित वाण तेथे दरवर्षी पुन्हा तपासावेत. परभणीला १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी भरणाऱ्या खरीप मेळाव्यात या निकालांचा तक्ता लावला, तर पेरणीपूर्वी वाण निवडायला आम्हांला पुरेसा अवधी मिळेल.

आपला,
एक तूर उत्पादक, ता. सेलू, जि. परभणी