चार मार्क राहू देत, प्रश्न का रद्द केला ते सांगा

प्रति,
संपादक,

नमस्कार. प्रवेश परीक्षेची फायनल आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची शेवटची यादी, लागली रे लागली की आमच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच कालवा सुरू होतो, सर गणितातला कुठला प्रश्न ड्रॉप (रद्द) झाला, सर आपले किती वाढले. जेईई मेनला रद्द प्रश्नाचे मार्क सगळ्यांनाच मिळतात, म्हणून पोरं खूष, फुकटात चार मार्क मिळाले. मी २२ वर्षं मिरजेत अकरावी-बारावीचं गणित शिकवतोय आणि दरवेळी त्यांच्या आनंदावर पाणी टाकायचं काम माझ्याकडेच येतं.

कारण हिशोब सरळ आहे. इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई मेन घ्या नाहीतर आपली राज्याची सीईटी, शेवटी हातात पडतं ते पर्सेंटाइल, आणि परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते म्हणून ते शिफ्टप्रमाणे निघतं, म्हणजे तुमच्या शिफ्टमधले किती टक्के लोक तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत एवढंच. आता त्या शिफ्टला बसलेल्या सगळ्यांनाच सारखेच मार्क वाटले तर पुढे कोण सरकला? कोणीच नाही! जेईईत चुकीच्या उत्तराचा एक मार्क कापला जाणार होता तो वाचतो, ते खरं, पण बोनस बोनस म्हणून जे नाचतात त्यात काही दम नाही.

गेलेला वेळ मात्र कोणी परत देत नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. जो पोरगा नीट सोडवायला बसतो त्याचं उत्तर चार ऑप्शनमध्ये कुठेच नसतं, मग त्याला आधी स्वतःचीच शंका येते, पेपर चुकलाय असं त्या वयात कोणाच्या डोक्यात येत नाही, तो परत पहिल्या ओळीपासून करतो, प्लस-मायनस तपासतो, आणि सहा-सात मिनिटं तिथेच जातात, शेवटचे तीन सोपे प्रश्न बघायचेही राहतात. आणि ज्याने वाचून सोडून दिला किंवा डोळे झाकून टिक केली त्याचं काहीच बिघडत नाही.

२०२५ ची सीईटी आठवत असेल. २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला इंग्रजीतल्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे ऑप्शन चुकीचे निघाले, दोन मार्काचा एक म्हणजे १०० पैकी ४२ मार्क गेले. तिथे मार्क वाटून भागण्यासारखं नव्हतंच, म्हणून २७,८३७ मुलांची ५ मे ला परत परीक्षा घेतली, आणि ते योग्यच केलं असं माझं मत. पण २१ चुकले की फेरपरीक्षा आणि एक चुकला की नुसता ड्रॉप, त्या एकावर अडकलेल्या मुलाने कोणाकडे जायचं? २०१७ ला आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्डच्या १८ बोनस मार्कांवरून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं, ७ जुलैला काउन्सेलिंगला, म्हणजे प्रवेश प्रक्रियेला, स्थगिती आली आणि १० ला उठली. प्रश्न सोडवायला हात न लावलेल्यांनाही मार्क का, हाच वाद.

चुका होतात हो, मी कोण बोलणारा. मागे क्लासच्या टेस्टला मीच त्रिकोण दिला होता, बाजू ३, ४ आणि ६, मोठ्या बाजूसमोरच्या कोनाचा कोसाइन काढा. टायपिंगमध्ये ६ चं ८ झालं. अर्ध्याहून जास्त पोरांनी सूत्रात आकडे घातले आणि उत्तर काढलं उणे १.६२५, खाली दोन रेघा मारून. कोसाइन उणे एकच्या खाली जातच नाही! एका मुलीने मात्र पेपरात लिहिलं होतं, सर ३ आणि ४ मिळून ७ च होतात, ८ ची बाजू जोडणार कशी, हा त्रिकोण होत नाही. मी प्रश्न रद्द करून सगळ्यांना दोन-दोन मार्क देऊन मोकळा झालो, तर ती टेबलापाशी येऊन म्हणाली, सर मग मी लिहिलं त्याचं काय? मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच रद्द प्रश्न फळ्यावर घेतला, पूर्ण तास त्याच्यावरच गेला, आणि त्या बॅचचं कोणीही त्रिकोणाच्या बाजू न तपासता पुढे जात नाही.

म्हणून परीक्षा घेणाऱ्यांकडे मागणी एवढीच आहे. आक्षेप घ्यायला मुलांकडून जेईई मेनला प्रश्नामागे २०० रुपये आणि सीईटीला १००० रुपये घेता ना, मग फायनल कीमध्ये नुसतं 'ड्रॉप' लिहून गप्प बसू नका. प्रश्न पूर्ण छापा, खाली दोन ओळीत लिहा की ऑप्शन चुकला, का दोन उत्तरं बरोबर येत होती, का भाषांतरात काही राहिलं. प्रश्न काढणाऱ्याचं नाव नको आम्हाला, कोणाला फासावर द्यायचं नाहीये. संपादक साहेब, तुमच्या वर्तमानपत्रात काल चूक झाली तर आज दुरुस्ती येतेच की, तीसुद्धा काय चुकलं होतं ते सांगून.

आपला,
एक क्लासवाला गणित मास्तर, मिरज