आईच्या कापलेल्या बोटाविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

विळीवर सुरण चिरताना आईचे मधले बोट कापले, त्यावर हळद दाबून चिंधी बांधली, आणि ‘बोट हलतंय, म्हणजे शीर शाबूत आहे’ असा निर्वाळा बाबांनी दिला, हे काल फोनवर कळले. हेच वाक्य तातडीच्या विभागात मी जवळजवळ प्रत्येक पाळीला ऐकतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, तुम्ही जिला शीर म्हणता ती म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी; मधले बोट वाकवणाऱ्या अशा कंडरा दोन असतात. वरची मधल्या पेराशी जोडलेली असते आणि खोलची थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. त्यामुळे वरची पूर्ण तुटली तरी खोलचीच्या जोरावर सगळे बोट वाकते, आणि खोलची तुटली तर फक्त शेवटचे पेर ताठ राहते, जे घरकामात सहज लक्षात येत नाही. म्हणून आम्ही मधले पेर धरून नुसते टोक वाकवायला सांगतो, आणि मग बाकीची बोटे सरळ दाबून धरून तेच बोट पुन्हा वाकवायला लावतो. अर्धवट तुटलेली कंडरा मात्र यालाही चकवते. भोसरीच्या प्रेसशॉपमधल्या (पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातल्या) एका मुलाचा तळहात पत्र्याने कापला होता आणि पाचही बोटे हलत होती. हात उघडा असताना जखमेत सारे अखंड दिसले. पण घाव मूठ वळलेली असताना बसला होता, म्हणून मूठ वळायला लावली, तेव्हा कंडरेवरची चीर सरकत जखमेच्या तोंडाशी आली.

आई, बोटाच्या एका कडेला मुंग्या येतात असे तू ओघात म्हणालीस, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदनेच्या नसा जातात. पेपरक्लिपची दोन टोके सुमारे 5 मिलिमीटर अंतरावर टेकवली, तर बोटाच्या टोकाला सहसा दोन स्पर्श वेगळे कळतात. ही तपासणी बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वीच करावी लागते, म्हणून तिथल्या दवाखान्यात घाईने टाके घालून घेऊ नकोस.

हळद वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन टाक. तिच्या रंगामुळे बोटाला रक्त नीट पोहोचते आहे की नाही, तेही दिसत नाही. त्या हातातली अंगठी आत्ताच काढ, कारण सूज चढल्यावर ती कापावी लागेल, आणि मग मलाच बोल लावशील. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, ते बाबांनी आठवून ठेवावे.

उद्या सकाळच्या एसटीने दोघेही या. मी स्वारगेटला घ्यायला येतो.

तुमचा,
बाळू