आवाहन : रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टरसाठी

सस्नेह नमस्कार,

सकाळच्या औषधांची फेरी आटोपली आहे आणि दुपारची सुरू व्हायला तासभर आहे. तेवढ्यात हे पत्र संपवायचं असल्याने शब्द इकडेतिकडे झाले तर सभासदांनी आणि हितचिंतकांनी सांभाळून घ्यावं.

आधी ज्यांच्या जिवावर आपला वृद्धनिवास इथवर आला, त्यांची आठवण. औषधांचं कुलूपबंद कपाट आपल्या माजी कोषाध्यक्षांनी आईच्या स्मरणार्थ दिलं. त्याआधी गोळ्या चपलांच्या खोक्यांत असायच्या, हे आज नव्या सभासदांना खरं वाटणार नाही. प्रत्येक खणावर नावासोबत फोटो लावायची कल्पनाही त्यांचीच, कारण आपल्याकडे एकाच नावाच्या तीन आजी आहेत. इन्सुलिनसाठीचा छोटा फ्रीज महिला मंडळाचा. त्याचं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की सिस्टर मला फोन करतात, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आणि आपले ते निवृत्त फार्मासिस्ट! नाव छापायचं नाही अशी ताकीद आहे, पण ओळखणारे ओळखतील. वर्षानुवर्षं दर रविवारी येऊन त्यांनी आठवड्याचे डबे स्वतः तपासले. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, हाडांची साप्ताहिक गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही, नोंदवहीत सही गोळी गिळल्यावरच करायची. मावशींना हे सगळं त्यांनी न रागावता शिकवलं. (मला मात्र रागावत.) गुडघ्यांमुळे त्यांचं येणं थांबलं, आणि ती जागा अजून रिकामीच आहे.

रिकामी जागा काय करते ते गेल्या महिन्यात कळलं. एक आजोबा रुग्णालयातून परतले. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. कागदावरचं अक्षर दिव्य. रात्री एकट्या सिस्टरने ती रोजच्या डब्यात भरली. ही गोळी रोज पोटात गेली तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावू शकतो. मंगळवारी सकाळी मावशी डबा हातात घेऊन थबकल्या. “सिस्टर, ही पिवळी काल दिली होती ना? त्यांना तर ती सोमवारचीच असते.” तिथे वाचलो. सिस्टरला बोल लावायला मी तयार नाही. त्या रात्री डबा भरायच्या वेळीच वरच्या मजल्यावर एका आजींची साखर ५८ पर्यंत उतरली होती. साखरपाणी देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची होती, आणि तिसऱ्या खोलीतली बेल वाजतच होती. डबा भरताना दोनदा उठलेल्या माणसाकडून चूक होणारच. एकीने भरायचं आणि दुसरीने कागद समोर ठेवून तपासायचं, याला पर्याय नाही. रात्री ती दुसरी आपल्याकडे नाही.

मागच्या वर्षीही हेच मागितलं होतं. सभेत टाळ्या पडल्या, नंतर चार व्हीलचेअर आल्या. ऋणी आहोतच, पण दोन अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात उभ्या आहेत. खुर्चीवर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं, पगारावर येत नाही, हे आम्हाला कळतं. थोडं वाईट वाटलं एवढंच. आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या पिशवीत भरून कृपया आणू नका. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, मुदतीची तारीख गायब. त्या कुणालाच देता येत नाहीत, उलट त्यांची विल्हेवाट लावण्यात एक दुपार जाते.

तर हवं आहे ते असं: रात्रपाळीच्या एका प्रशिक्षित सिस्टरच्या वर्षभराच्या पगारासाठी मासिक किंवा एकरकमी देणगी, रविवारी दोन तास देऊ शकणारे फार्मासिस्ट, आलटूनपालटून चालतील, नव्या मावशींना बीपी, साखर, पडल्यावर कसं उचलायचं हे शिकवणारं कुणी. देणगी कार्यालयात चेकने किंवा रोख, पावती लगेच, हिशेब फलकावर लागेल. मासिक देणाऱ्यांनी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिल्यास पगार अडणार नाही. शक्यतो या महिनाअखेरीपर्यंत कळवावं, कारण सध्याच्या सिस्टर सलग किती रात्री काढतील हे मला सांगता येत नाही.

आपला नम्र,
कार्यवाह

ता.क. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या देणार असाल तर आधी मशीनचं मॉडेल विचारून घ्या. मागच्या वेळच्या दोन डब्या बसल्याच नाहीत.