पाटल्यांचं काय करू, नंदे?

पुणे,
नारळी पौर्णिमा

प्रिय नंदे,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच "ते राहू दे, माझं ऐक" करतेस आणि मला हे सलग सांगायचंय. माझी शुगर आटोक्यात आहे. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता आमटीतलं लसणाचं सालही दिसायला लागलंय. तब्येतीचं संपलं.

अनिकेत आणि ऋचाचं जमलं. म्हणजे मोडायचं जमलं. मागच्या आठवड्यात मध्यस्थीची शेवटची बैठक झाली, तडजोडीच्या अटींवर दोघांच्या सह्या झाल्या. आता सहमतीने घटस्फोटाचा अर्ज. त्यात एरवी सहा महिने थांबायला लागतं, पण ही दोघं दोन वर्षांहून जास्त वेगळी राहतायत, पोटगी आणि रेवाचा ताबा सगळं ठरलंय, तेव्हा कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०१७ साली तसा निकालच दिलाय. बघ, या वयात मी कलमं बोलायला लागले.

मध्यस्थी म्हटल्यावर मला आधी तुमच्या सदाशिव पेठेतल्या माजघरातली ती बैठकच आठवली. तुझे दोन्ही मामा, तुझ्या नवऱ्याचे काका, आणि सगळ्यात मोठ्याने बोलणारे ते शेजारचे कोण? सगळ्यांनी मिळून तुला 'जरा सांभाळून घे' सांगितलं आणि वर चहा तूच केलास. इथे तसलं काही नाही. मध्यस्थ बाई स्वतः वकील, मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या, आणि कोर्टातर्फे असल्यामुळे फी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. न्यायाधीशांकडे जातं ते एवढंच, की जमलं किंवा जमलं नाही. पटलं नाही तर कुणीही उठून जावं, केस आहे तिथून पुढे चालेल. आधी दोघांना एकत्र बसवतात, मग एकेकाला वेगळं. आणि आया, आत्या, माम्या बाहेर. बाहेरच्या बाकावर मी आणि ऋचाची आई, मधे पर्सा. तिने शेंगदाण्याचा लाडू दिला. मी खाल्ला. आमच्या वन्सं असत्या तर विषप्रयोग म्हणाल्या असत्या.

तुझ्या वेळी असं असतं तर, हा विचार आला. पण नाही गं. हात उचलणाऱ्या माणसासमोर कसली मध्यस्थी करायची? तिथे तुझा खटलाच बरोबर होता. १९८९ ला इथे फॅमिली कोर्ट सुरू झालं आणि तुझी केस तिकडे गेली, वकिलालासुद्धा परवानगी लागते म्हटल्यावर तू स्वतः उभी राहून बोललीस. मी मागे बसून रडत होते आणि तू वळून मला डोळे वटारलेस. पण माझी ही दोघं एकमेकांशी वाईट वागली नाहीत. नुसती एका घरात राहून वाळत गेली. अशांना दोन वकील चिठ्ठ्या लिहून भांडायला शिकवतात, ते इथे टळलं. पहिल्या नोटिशीत अनिकेतला 'विकृत' लिहिलं होतं. विकृत! तो मेला झुरळाला घाबरतो.

अटी मी वाचल्या. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी रेवा बापाकडे, मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, शाळेची फी त्याने भरायची, दिवाळी एक वर्षाआड. आणि गणपती कायम आमच्याकडे. ते म्हणे ऋचाने आपणहून लिहून दिलं, कुणी मागायच्या आधी.

आता मुद्द्याचं. पाटल्या.

सासूबाईंच्या पाटल्या मी ऋचाला लग्नात घातल्या, तुला माहीत आहे, तू तेव्हा "वजन काय गं" विचारून माझी लाज काढलीस. एका बैठकीत दोघांच्या संमतीने मला आत बोलावलं. साधं टेबल, चार खुर्च्या, पाण्याची बाटली. ऋचाने पर्समधून रेवाचा सशाचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि पाटल्या माझ्यापुढे सरकवल्या. एकीला अजून कणीक लागलेली होती, त्या नक्षीच्या खाचेत, वाळून पांढरी झालेली. मी म्हटलं, अगं, हे स्त्रीधन, तुझंच आहे. कायद्यानेही तुझंच. ती म्हणाली, "आई, माहितीये. पण उद्या कुणी सोनं घेऊन गेली म्हणायला नको." ते 'कुणी' म्हणजे आमची वंदना. फॅमिली ग्रुपवर लिहून मोकळी झाली होती.

बाईंनी ठेव म्हटलं नाही की घ्या म्हटलं नाही. म्हणाल्या, हे नवरा-बायकोचं भांडण नाही, या दोघींनी सावकाश ठरवावं. अटींमध्ये 'स्त्रीधनाबाबत तक्रार नाही' एवढंच आलं. आणि पाटल्या तूर्त माझ्या कपाटात, रुमालासकट.

तेव्हापासून झोप नाही. ठेवून घेतल्या तर वंदनाचं खरं झालं. परत दिल्या तर ऋचाला वाटेल मी उपकार करतेय. मोडून रेवाला काही करावं म्हटलं तर ह्यांचं म्हणणं, सोनार मजुरीत खाईल (ह्यांचं प्रत्येक बाबतीत सोनारापाशी येऊन अडतं). आणि गौरी तीन आठवड्यांवर. दरवर्षी मुखवटे ऋचा बसवायची, साडीच्या निऱ्या तिच्यासारख्या मला येत नाहीत. कागदाप्रमाणे रेवा येणार. तिला सोडायला ऋचा येईल, दारातच उभी राहील का गं? आत ये म्हणू? हळदी-कुंकू लावू? त्या अटींमध्ये फ्रिज कुणाचा, वॉशिंग मशीन कुणाचं, सगळं आहे. माझं आणि तिचं काय, हे कुठेच नाही, आणि ते लिहून घ्यायला मी जाऊ तरी कुठे? अनिकेतला विचारलं तर म्हणाला, "आई, प्लीज." ऋचाला विचारायची हिंमत नाही.

तुलाच विचारतेय, कारण तू पलीकडच्या बाजूला होतीस. तुझ्या सासूने ताटवाट्या नावं वाचून मोजून दिल्या आणि सोन्याचं विचारल्यावर "झिजलं" म्हणाली. (टेम्पोचे पैसे मीच दिले होते. तू कितीही नाही म्हण.) समजा तिने त्या दिवशी बांगड्या परत दिल्या असत्या, चांगल्या मनाने, तर तू घेतल्या असत्यास? की तोंडावर फेकल्या असत्यास? मला खरं सांग, चांगलं नको.

बाकी तुझं ठीक ना? गुडघ्याचं करून टाक एकदाचं. समीरच्या बायकोला कितवा लागला? इंदूरला पाऊस आहे म्हणे. पोहे-जिलबीचे फोटो पाठवणं बंद कर, शुगरवाल्यांना छळू नये.

पत्र पोचल्यावर फोन कर, पण दुपारी दोन ते चारमध्ये. हे झोपलेले असतात.

तुझी
सुलू

ता. क. — वंदना गौरींना दोन दिवस राहायला येतेय. तू आलीस तर तिच्याशी बोलायला कुणीतरी असेल. मी बोलले तर मध्यस्थ लागेल.