कार सीटबद्दल डॉक्टरांनी अंदाजाने सांगू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिवहन मंडळाची बस चालवण्यात माझी उभी हयात गेली. तवंदी घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी कसे पुढे फेकले जातात, ते मी आरशात पाहत आलोय. म्हणून नातीच्या कार सीटबद्दल, म्हणजे गाडीत लहान मुलांसाठी वेगळी बसवतात त्या सीटबद्दल, लिहितो.

नात ११ महिन्यांची. मुलगा तिला सीटमध्ये मागच्या काचेकडे तोंड करून बसवतो. सुनेने दवाखान्यात विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "वर्ष झालं की पुढे तोंड करा, पाय अवघडतात." झालं, घरात तेच प्रमाण! आपल्याकडे डॉक्टरांच्या शब्दापुढे कोणी बोलत नाही. म्हणूनच तो शब्द चुकता कामा नये.

वर्षाचा हा हिशेब जुना आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये २ वर्षांपर्यंत मागेच तोंड ठेवायला सांगितलं होतं. २०१८ मध्ये वयाची अटच काढली. सीटवर छापलेली उंचीची किंवा वजनाची मर्यादा भरेपर्यंत मागेच. युरोपात मुलांच्या सीटसाठी असलेल्या आर-१२९ मानकातही १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मनाई आहे.

कारण सरळ आहे. तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मानेची हाडं अजून कोवळी. समोरून धडक बसली तर पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्टा धरून ठेवतो, डोकं मात्र झटक्याने पुढे जातं, सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर सीटची पाठ तो दणका झेलते आणि मुलाचं डोकं, मान, पाठ या सगळ्यांना मिळून आधार देते. पाय दुमडले तर दुमडू देत, मुलं मांडी घालून मजेत बसतात. फक्त एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही लावू नये, त्यात जीवाला धोका आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा अशा सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने सीट घेतली, तरी ती लावायची कशी हे सांगणार कोण?

बालरोगतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देताना आईबापांना सीटबद्दल आपणहून विचारा. नेमकं ठाऊक नसेल तर "सीटवरचं लेबल वाचा" एवढं सांगितलंत तरी पुरे. आणि निपाणी, खानापूर, बेळगावच्या दवाखान्यांत ही माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये एका पानावर छापून लसीकरणाच्या खोलीत लावा.

एक निवृत्त बसचालक, निपाणी