प्राणिसंग्रहालयातली सहल पुरे, आता तास घ्या

माननीय शिक्षणमंत्री,

स. न. वि. वि.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. संकटग्रस्त प्रजातींचे संवर्धन शिकवायचे, तर प्राणिसंग्रहालयाची भेट हवी, हे सगळेच म्हणतात. भेट होतेही. शे-दीडशे मुले एकदम आत सोडली जातात, वाघापुढे मोबाइल वर होतात आणि मागून शिक्षकांचा आवाज येतो, "शास्त्रीय नाव लिहून घेतलं का?" पाटीवरचे नाव वहीत उतरते, त्याखालचा 'संकटग्रस्त' हा शब्दही उतरतो. पुढे चित्र चिकटवून प्रकल्प जमा होतो, गुण पडतात. सहावीच्या पोरांना हे चालेल. सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी हा वेळेचा अपव्यय आहे.

या वयाला खरे काम पेलते आणि ते तिथे आहेसुद्धा, फक्त पिंजऱ्यापाशी नाही. ते कार्यालयात आहे. कोणता प्राणी कुणाच्या पोटी जन्मला, कुठे हलवला, कधी मेला याच्या नोंदी स्टडबुकात असतात. प्रझेवाल्स्की घोडा हा मध्य आशियातला रानघोडा १९६९नंतर रानात दिसेनासा झाला. १९९२पासून तो मंगोलियात परत सोडला गेला, पण आजचे सगळे कळप पकडून आणलेल्या अवघ्या डझनभर घोड्यांपासून वाढले आहेत. एवढ्याशा पूर्वजांवर जात तगवायची, तर कुणाची जोडी कुणाशी लावायची याचा हिशेब काटेकोर लागतो. अंतःप्रजनन गुणांक म्हणजे पिल्लाला एकाच पूर्वजाचे तेच जनुक आई आणि बाप दोघांकडूनही मिळण्याची शक्यता. सख्ख्या बहीणभावांच्या पिल्लाचा तो १/४, चुलत भावंडांच्या पिल्लाचा १/१६. मेंडेलच्या वाटाण्याच्या पलीकडे न जाणारी आमची आनुवंशिकी इथे एकदम जिवंत होते.

मुलांपुढे आठ-दहा प्राण्यांची वंशावळ ठेवा, वये सांगा, मोकळ्या जागा मोजक्याच द्या आणि म्हणा, ठरवा. वर्गात भांडणे होतील, होऊ द्यावीत. सगळ्यात धष्टपुष्ट, सगळ्यात जास्त पिल्ले दिलेला नर बहुतेक जण आधी निवडतात. नेमका तोच नको असतो, कारण त्याची जनुके आधीच सगळीकडे पसरलेली असतात. मागे पडलेली, एकही पिल्लू नसलेली म्हातारी मादी जास्त मोलाची ठरू शकते. हे एकदा स्वतः चुकून कळले की पुन्हा घोकावे लागत नाही.

दुसरा धडा कॅलिफोर्निया कॉन्डोर या अमेरिकेतल्या मोठ्या गिधाडाचा. १९८७मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला गेला, तेव्हा उरलेले सगळे २७ पक्षी बंदिवासात होते. पिल्लांना माणसांचा लळा लागू नये म्हणून कॉन्डोरच्या डोक्यासारखी बाहुली हातावर चढवून त्यांना भरवत. १९९२पासून पक्षी परत मोकळे सोडले, तरी ते मरतच राहिले. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतले शिसे मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी लागू झाली ती २०१९मध्ये. म्हणजे हा विषय कायद्याचा आणि राजकारणाचाही आहे. मग कला आणि वाणिज्य शाखेची मुले या भेटीतून का वगळायची, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्राणिसंग्रहालयांची जाहिरात मात्र आम्हाला करायची नाही. शेवटचा ज्ञात थायलसीन, म्हणजे टास्मानियातला पिशवीवाला मांसाहारी प्राणी, १९३६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातच मेला, हेही मुलांना कळू द्या. एखादे अस्वल एकाच वाटेने येरझाऱ्या घालत असेल, तर दर दोन मिनिटांनी ते काय करते याची तासभर नोंद करायला लावा आणि निघालेले आकडे तिथल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवायला सांगा. काही अधिकारी अस्वस्थ होतील. त्याला इलाज नाही.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. ही भेट सहलीच्या यादीतून काढून प्रात्यक्षिकांच्या वेळापत्रकात घाला. सुट्टीच्या गर्दीत नको, कामाच्या दिवशी ठेवा. एका वेळी पंचवीसच मुले न्या. प्राण्यांची रोज देखभाल करणाऱ्यांना मुलांशी बोलायला वेळ आणि त्याचे मानधन द्या, कारण त्यांच्याइतकी माहिती आम्हा शिक्षकांकडे नाही. गुण प्रकल्पवहीला नकोत. मुलाने घेतलेला निर्णय आणि त्यामागची कारणे यांना द्या. शिक्षकांना आधी एकदा हे सगळे स्वतः करून पाहू द्या. पुढच्या वर्षाचे प्रात्यक्षिकांचे परिपत्रक निघण्यापूर्वी एवढा बदल त्यात व्हावा, ही विनंती.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक